तिपाईवरचे धांदलकाका

धांदलकाकांचं खरं नाव विचारायची कुणाला कधी गरज पडली नाही. शर्टाची बटणं एक घर खाली-वर लावलेली, एका पायात गमबूट आणि दुसऱ्यात चप्पल, अशा थाटात जो माणूस रोज सकाळी फाटकातून बाहेर पळतो त्याला दुसरं कुठलं नाव शोभलंही नसतं. काकू मागून "अहो, चहा!" म्हणेपर्यंत काका बांधावर पोचलेले असत, आणि बांधावर पोचल्यावर त्यांना आठवे की खुरपं घरीच राहिलं. मग उलट पळापळ. चहा त्या दुसऱ्या फेरीत उभ्याउभ्या घेतला जाई, बहुधा काकूंच्याच कपातला.

अशा माणसाने हौस धरावी ती नेमकी वाट बघायला लावणारी, ही गंमतच म्हणायची. काकांना टोमॅटो लावायचे होते. बाजारात मिळतात ते नव्हेत, स्वतःचे. फार वर्षांपूर्वी टाकाऊ मालाच्या ढिगात त्यांना एक वेडंवाकडं, गडद लाल, पातळ सालीचं फळ सापडलं होतं. ते त्यांनी तिथेच उभ्याने खाल्लं, आणि अर्धं खाऊन झाल्यावर इतके गप्प झाले की सोबतच्यांना वाटलं घशात काही अडकलं. उरलेल्या अर्ध्याच्या बिया त्यांनी रुमालात बांधून घरी आणल्या. तेव्हापासून दरवर्षी खिडकीतल्या कुंड्यांमध्ये रोपं करायची, त्यातलं सगळ्यात चांगलं झाड निवडायचं, त्याचं बी धरायचं, हा उद्योग चालू होता. घरातली एकही खिडकी रिकामी नव्हती. "माझ्या संसारात पडदे लावायचे राहून गेले," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि वर त्याच कुंड्यांना न चुकता पाणीही घालत.

पण कुंडीतलं झाड ते कुंडीतलं. काकांना शेत हवं होतं, आणि तेही कुठलंही नाही. उतरणीवरचं एक शेत होतं, त्याला सगळे 'उन्हाचं शेत' म्हणत, कारण सकाळचं पहिलं आणि संध्याकाळचं शेवटचं ऊन तिथे पडे. टोमॅटो पिकला तर तिथेच पिकेल, हे काकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता, शेत काकांचं एकट्याचं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण जमीन होती सहा घरांची मिळून. कुठल्या शेतात काय लावायचं, कुठलं शेत वर्षभर पडू द्यायचं, पाणी कुणी कधी घ्यायचं, सगळं बैठकीत ठरे. दर घराला एक मत. आणि सातवं मत जमिनीचं.

हे सातवं मत कसं आलं तेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीच्या काळात, म्हणजे आताच्या मंडळींच्या आईवडिलांच्या वेळी, बटाट्याला एकदा असा काही भाव आला की बैठकीत सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं, सगळ्या शेतांत बटाटा. पुढच्या वर्षीही एकमुखाने बटाटा. त्याच्या पुढच्या वर्षीही. कुणाचं भांडण नाही, कुणाचा रुसवा नाही, असा गोडीगुलाबीचा कारभार त्यांनी पुन्हा कधी पाहिला नाही. मग जमिनीने काखा वर केल्या. नांगर लावला की ढेकळं निघत ती फोडायला घण लागे, आणि बटाटे निघाले ते सुपारीएवढे. त्या वर्षीच्या बैठकीत शेळ्या पाळणारे म्हातारबाबा आपली दूध काढायला बसायची तिपाई घेऊन आले, ती टेबलाशी ठेवली आणि म्हणाले, "आपण सगळ्यांना विचारलं. एकीला विचारायचं राहिलं."

तेव्हापासून ती तिपाई बैठकीत आहे. दरवर्षी कुणीतरी एकजण तिच्यावर बसतो आणि वर्षभर जमिनीच्या वतीने बोलतो. त्याच्या घराचं मत घरातलं दुसरं माणूस देतं. ज्या शेताचा विषय असेल त्या शेतातली घमेलंभर माती त्याने आणून टेबलावर ठेवायची, म्हणजे बोलताना समोर ती असते. आणि एक नियम तर फारच खवचट. तिपाईवर बसलेल्याला स्वतःची मागणी मांडता येत नाही. त्याची मागणी मांडायची ती तिला सगळ्यात जास्त विरोध असलेल्या माणसाने. हा नियम कुणी काढला ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्याने काढला त्याला माणसांची चांगलीच पारख असणार.

तिपाईचा एक पाय आखूड आहे. दुरुस्त करा असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं आणि दरवर्षी ते राहून जातं.

त्या वर्षी निवड झाली ती नेहमीसारखी, मडक्यात हात घालून. मडक्यात पांढऱ्या घेवड्याच्या बिया आणि एक काळी. काळी ज्याच्या हाती येईल तो तिपाईवर. मडकं फिरत फिरत आलं तेव्हा पाळी खरं तर वहिनींची होती. वहिनी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको. पिकांची फेरपालट त्या बघत, हातात काठी घेऊन शेतोशेत फिरत आणि जमिनीत ती खुपसून बघत. काकांच्या टोमॅटोच्या हौसेला आजवर त्यांनी इतक्या वेळा खो घातला होता की दोघांनाही त्याची सवय झाली होती. त्या दिवशी वहिनींनी चष्मा पुसायला घेतला. तेवढाही धीर काकांना निघेना. "आणा इकडे," म्हणत त्यांनी हात घातला आणि बी बाहेर काढलं.

काळं होतं.

"भाऊजी, माझी पाळी होती," वहिनी चष्मा लावत म्हणाल्या.

"मग घ्या ना!" काकांनी बी पुढे केलं.

"आता कसं घेऊ? तुम्ही काढलंत." आणि वहिनी गालातल्या गालात हसल्या.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्याला कारण होतं. शेतात काम करायचं त्यांचं हे शेवटचं वर्ष. गुडघे आणि कंबर एका वयानंतर कुरकुरू लागतात म्हणून सहा घरांनी ठरवलं होतं, अमुक वयानंतर शेतातून उठायचं आणि शेडमध्ये यायचं, माल निवडायला आणि पेट्या भरायला. काकांचा नंबर पुढच्या हंगामात लागत होता. आणि उन्हाच्या शेताची या वर्षी पाळी होती ती विश्रांतीची, म्हणजे लसूणघासाचा चारा पेरायचा, कापायचा आणि जमिनीला श्वास घेऊ द्यायचा. काकांची मागणी साधी होती. विश्रांती एक वर्ष पुढे ढकला. या वर्षी मला टोमॅटो लावू द्या, माझ्या हाताने, आत्ता नाही तर कधीच नाही. ही मागणी बैठकीत स्वतः मांडायची म्हणून ते महिनाभर न्हाणीघरात भाषणाचा सराव करत होते. आता ती मांडणार होत्या वहिनी.

वहिनी दुसऱ्याच दिवशी घरी आल्या. खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा. काय आहे तुमच्या टोमॅटोत?"

काका सांगू लागले. वहिनी ऐकत होत्या, मध्येच रोपाचं पान चुरगाळून वास घेत होत्या, आणि प्रश्न असे विचारत होत्या की काकांना घाम फुटला. पाणी किती? आधार कशाचा? करपा पडला तर? पुढच्या वर्षी त्या जमिनीचं काय?

"तुम्ही मुद्दाम वाईट मांडणार," काका शेवटी न राहवून म्हणाले.

"मुद्दाम वाईट मांडायला मला वेळ नाही," वहिनी उठत म्हणाल्या. "माझ्याकडे चांगलीच कामं खूप आहेत."

यावर विश्वास कसा ठेवायचा? काका दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिले. आणि मग त्यांना युक्ती सुचली. टेबलावर ठेवायची माती! ती आणायची कुठून हे ठरवणारे तेच होते. उन्हाच्या शेताच्या कडेला शेणखताचा ढीग होता. त्याच्या पायथ्याची माती म्हणजे काळीभोर, मऊ, मूठभर घेतली तर दहा गांडुळं वळवळतील अशी. जागा शेताच्याच हद्दीत, म्हणजे खोटं काहीच नाही. अशी माती टेबलावर ठेवली की जमीन स्वतःच म्हणेल, मला कसली विश्रांती, मी तर ठणठणीत! आपल्यावर बालंट नको आणि वहिनींच्या भाषणाची गरज नको. बैठकीच्या आदल्या दुपारी काकांनी घमेलं भरून आणलं, स्वयंपाकघरात टेबलाखाली सरकवलं आणि समाधानाने आडवे झाले.

ते झोपले होते तेव्हा काकूंना टेबलाखाली माती दिसली. आणि खिडकीत रोपं दिसली, लहान डब्यांत अवघडून बसलेली, कधीची मोठ्या कुंडीत हलवायची राहिलेली. नवऱ्याने प्रथमच वेळेवर एखादी गोष्ट आणून ठेवली याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी बाह्या वर केल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळी रोपं त्या काळ्याभोर मातीत हलवली. घमेलं घासून पुसून भिंतीला टेकवून ठेवलं.

सकाळी काकांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"अगं, माती?"

"खिडकीत."

"खिडकीत काय करतेय?"

"टोमॅटोंना लागली. अहो, आता तरी म्हणा बायको कामाची आहे म्हणून!"

 घमेलं आणि फावडं उचलून काका पळत सुटले. बैठक सुरू व्हायला थोडाच वेळ होता. उतरणीपर्यंत धापा टाकत पोचले तर शेणखताच्या ढिगाशी साक्षात वहिनी, काठीवर हात ठेवून, सहा घरांपैकीच एका घरच्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलत उभ्या. आणि बोलणंही असं निवांत, की दिवसभराचा शिधा सोबत घेऊन आल्यासारखं. त्यांच्यासमोर तिथली माती उकरणं शक्य नव्हतं. काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि नाइलाजाने शेताच्या मध्यावर जाऊन फावडं मारलं. फावडं खण्णकन वाजलं. कशीबशी ढेकळं निघाली ती घमेल्यात टाकून ते शेडकडे धावले.

बैठक शेडमध्येच होई. एका बाजूला रिकाम्या पेट्यांच्या उतरंडी, तोलकाटा, दोऱ्याची रिळं, आणि मधोमध माल निवडायचं लांबलचक टेबल. अध्यक्ष होत्या शेळीवाल्या आत्या, म्हणजे तिपाई आणणाऱ्या म्हातारबाबांची लेक. त्यांनी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजवली. काकांनी घमेलं टेबलावर ठेवलं, तिपाईवर बसले, डुगडुगले, सावरले. मातीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मागणी मांडा," आत्या म्हणाल्या.

वहिनी उठल्या. काकांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, मला हे टोमॅटो नको आहेत," वहिनींनी सुरुवात केली. "म्हणून जरा नीट ऐका. आमचे भाऊजी घाईचे. कपडे उलटे घालतात, पाळी नसताना हात घालतात. पण या घाईच्या माणसाने एका फळाचं बी इतकी वर्षं धरलं. खिडकीत. दरवर्षी एक झाड निवडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्यापैकी कुणी केलं असतं? मी नसतं केलं. ट्रॅक्टरवाल्यांच्या घरी आजारपण होतं त्या वर्षी उन्हाचं शेत यांच्या वाट्याला यायचं होतं. यांनी ते सोडलं, त्यांना कांदा लावू दिला. नंतर मधमाश्यांच्या पेट्यांसाठी मोहरी हवी होती, तेव्हाही सोडलं. सोडताना कधी बोलून दाखवलं नाही. इतर वेळी तोंड बंद नसतं, पण तेव्हा नाही बोलले. पुढच्या हंगामात ते या टेबलाशी येऊन बसतील, इतरांनी पिकवलेलं निवडत. एक वर्ष द्या त्यांना. जमीन आपल्याला पुष्कळ वर्षं पुरायची आहे. भाऊजींचं शेतातलं हे एकच वर्ष उरलंय."

 ट्रॅक्टरवाला नाक शिंकरायच्या निमित्ताने मागे वळला. काकांनी डोळे उघडले होते आणि ते भरून आले होते. आपल्याबद्दल कुणी असं काही लक्षात ठेवलं असेल, आणि त्यातून वहिनींनी, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

हात वर झाले. ट्रॅक्टरवाला टोमॅटोच्या बाजूने. मधवालेही. काकूंचा हात तर सगळ्यात आधी वर गेला होता. त्यांना खिडक्या हव्या होत्या. विरोधात आत्या, कारण लसूणघास म्हणजे शेळ्यांची चैन, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. विरोधात पाण्याच्या मोटरी बघणाऱ्यांचं घर. आणि विरोधात वहिनी.

"तुम्ही?" मधवाल्यांना राहवेना. "आत्ताच तर एवढं बोललात!"

"बोलले ते भाऊजींच्या वतीने. हात माझा आहे."

तीन आणि तीन. सगळे तिपाईकडे बघू लागले.

काकांना 'हो' म्हणायला तोंड उघडायचं होतं, बस्स. कुणी दोष दिला नसता. वहिनींनी वाट इतकी मोकळी करून दिली होती. पण समोर घमेलं होतं, आणि आता त्याच्याकडे बघणं भागच होतं. राखाडी ढेकळं, कडा दगडासारख्या. काकांनी एक उचललं आणि मुठीत दाबलं. फुटेना. दोन्ही हातांनी दाबलं. फुटेना. ते घमेल्यात परत ठेवून त्यांनी शेजारचा पाण्याचा पेला उचलला आणि भस्सकन त्याच्यावर ओतला, घाईघाईने, सगळाच्या सगळा. पाणी आत गेलंच नाही. ढेकळावरून ओघळलं, घमेल्यातून उसळलं आणि टेबलावरून थेट आत्यांच्या मांडीवर.

"अहो!" आत्या उडाल्या.

कुणीतरी हसलं. काका मात्र ढेकळाकडे बघत होते. वरून ओलं, आणि नखाने टोकरलं तर आत कोरडं ठक्क. एकही गांडूळ नाही. एक मूळ नाही. या जमिनीवर ते अख्खं आयुष्य धावत होते, आणि ती अशी झालीये हे त्यांनी थांबून एकदाही पाहिलं नव्हतं. काल तर त्यांनी तिच्या नावावर भलत्याच जागेची माती खपवायचं ठरवलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"दमलीये ती," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू कुणी ऐकलाच नव्हता. "पाणीसुद्धा घेत नाहीये. बसू द्या तिला वर्षभर." आणि मग, जमिनीचं बोलून झालं तसे एकदम स्वतःच्या आवाजात ओरडले, "वहिनी, एवढं चांगलं कशाला बोललात हो! मला नाही म्हणताना किती त्रास झाला!"

घरी जाताना काकूंनी काही अंतर वाट पाहिली आणि मग विचारलं, "किती राग आलाय?"

"भरपूर."

"कुणाचा?"

काकांनी विचार केला. "माझाच. मीच पाडलं मला."

काकू रस्त्यातच थांबून हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की काकांनाही हसावं लागलं. घरी आले तर खिडक्यांतली रोपं काळ्या मातीत रात्रीतून तरारून उभी होती. त्या आठवड्यात सहाही घरांतून कुणी ना कुणी येऊन दोन-दोन कुंड्या घेऊन गेलं. सगळ्यात जास्त नेल्या वहिनींनी. बियाणं जपलं गेलं आणि काकूंनी सगळ्या खिडक्यांना एकदाचे पडदे शिवले.

काकांचं शेतातलं शेवटचं वर्ष असं टोमॅटोशिवाय गेलं. पण तिपाईचं काम त्यांच्या अंगात भिनलं. वर्षभर ते शेतोशेत वाकून माती हुंगत, आणि वहिनींच्या शेजारी उभं राहून वाद घालत. उन्हाच्या शेतात लसूणघास माजला, जांभळा फुलला, मधमाश्यांनी तिथे गर्दी केली आणि शेळ्यांनी इतकं दूध दिलं की आत्यांच्या मांडीवरचं पाणी माफ झालं.

पुढच्या हंगामात काका शेडमध्ये आले. स्टूल उंच, हातात मऊ मोजे, समोर तेच लांब टेबल. पहिले काही दिवस त्यांनी पेट्या इतक्या वेगाने भरल्या की त्या पुन्हा उपसाव्या लागल्या. उन्हाच्या शेतात आता टोमॅटो होते. या वेळच्या बैठकीत त्यावर चर्चासुद्धा झाली नव्हती. लावले होते वहिनींनी, काकांच्या बियांपासून, आणि काकांना शेताकडे फिरकायची सक्त मनाई केली होती. "तुम्ही आलात की उपटून बघाल, मुळं धरली का म्हणून," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं.

एका सकाळी वहिनी शेडमध्ये आल्या त्या एका हाताने कमरेवर पेटी सावरत आणि दुसऱ्या हातात घमेलं घेऊन. पेटी त्यांनी काकांसमोर ठेवली. गडद लाल, वेडीवाकडी, पातळ सालीची फळं, उन्हाने अजून कोमट. काकांनी एक उचललं खरं, पण तोंडापर्यंत नेईनात.

मग वहिनींनी घमेलं पेटीच्या शेजारी ठेवलं. माती होती, काळसर, भुसभुशीत. काकांनी मोजा काढून हात घातला. मूठ वळली आणि उघडली तशी ती बोटांमधून सुटी होऊन पडली. तळहातावर एक गांडूळ उरलं.

"मधली आहे हो," वहिनी म्हणाल्या. "खताच्या ढिगापाशी खणलेली नाही."

काका कानापर्यंत लाल झाले. "तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"खड्डा केवढा करून ठेवला होतात! आदल्या संध्याकाळीच दिसला मला, आणि ती माती तुमच्या खिडकीतल्या कुंड्यांत. म्हणजे तुम्ही परत खणायला येणार हे ठरलेलंच. म्हणून तर सकाळपासून तिथे उभी होते. ट्रॅक्टरवाला बिचारा सारखा म्हणत होता, वहिनी, मला जाऊ द्या."

काका बघतच राहिले. सगळं माहीत असून ही बाई त्या दिवशी उभी राहिली होती आणि त्यांच्या बाजूने तसं बोलली होती.

"आणि तरी तुम्ही माझ्याबद्दल..."

"ते खरं होतं म्हणून बोलले. खड्डाही खरा होता. खा आता, का तुमच्यासाठी बैठक बोलवू?"

काकांनी गांडूळ हलकेच मातीत सोडलं, हात पँटला पुसला आणि टोमॅटोचा घास घेतला. अर्धं फळ संपेपर्यंत ते सावकाश चावत राहिले. वहिनी पेट्यांच्या उतरंडीला टेकून वाट बघत होत्या, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर जरा काळजी होती.

"पाणी थोडं जास्त झालंय," अखेर काका म्हणाले, आणि डोळे पुसत त्यांनी पेटीतला दुसरा टोमॅटो वहिनींच्या हातात दिला.